राहत्या घरातून

आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा मी सहावीत होते आणि धाकटा भाऊ बालवाडी संपवून पहिलीत जायचा होता. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका बैठ्या चाळीत आमची एकच खोली होती. पुढे ओटा, आत मोरी आणि चाळीच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. गिरणी बंद पडल्यावर बाबांना एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काम लागलं होतं. तिथल्या एका साहेबांनी रंगीत टीव्ही घेतला आणि जुना काळा-पांढरा बाबांना देऊन टाकला. बाबा तो हातगाडीवर घालून घरी घेऊन आले. लाकडी खोका, पुढे सरकणारी दोन दारं. अँटेना बांधायला बाबा पत्र्यावर चढले, मी दारात उभी राहिले आणि धाकटा टीव्हीसमोर. चित्र दिसलं की तो "आलं" म्हणायचा आणि मी ते वर बाबांना ओरडून सांगायची. काम झाल्यावर त्याने बाबांना विचारलं, ही चित्रं त्या काठीतून येतात का. बाबा म्हणाले, हो, काठी नसेल तर काहीच येत नाही. ही गोष्ट त्याने मनात नीट ठेवून दिली होती, ते आम्हांला फार उशिरा कळलं.

सुरुवातीला आम्ही जे लागेल ते बघायचो. भातावरची कीड, गुजराती नाटक, कुठल्या तरी पुलाचं उद्घाटन, सगळं सारखंच नवलाचं. चाळीतली पोरं दारात दाटी करून बसायची आणि आई त्यांना आत सरकायला सांगायची. पण आठवड्यातल्या काही संध्याकाळी, बातम्यांच्या आधी, हरवलेल्या माणसांचे फोटो दाखवायचे. तेव्हा मात्र आई सगळ्या पोरांना गप्प करायची. हातातलं काम खाली ठेवायची आणि टीव्हीच्या इतकी जवळ जाऊन बसायची की तिच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड हलताना दिसायचा.

त्या कार्यक्रमात गाणं नव्हतं, माणसं चालत-बोलत नव्हती. एकामागून एक फोटो यायचे आणि त्यांच्यावर एका बाईंचा आवाज. त्या आवाजात दुःख नव्हतं, राग नव्हता, घाईसुद्धा नव्हती. वय इतकं. रंग सावळा, बांधा सडपातळ, चेहरा उभट. अंगात चौकटीचा शर्ट, पायांत चप्पल नाही. राहत्या घरातून निघून गेला तो अद्याप परत आलेला नाही. मग दुसरा फोटो. फोटो चांगले नसायचे. कुणाचा लग्नातल्या फोटोतून कापून काढलेला, त्यात शेजारच्या माणसाचा अर्धा खांदा तसाच राहिलेला. कुणा मुलीच्या दोन वेण्या, रिबिनी आणि शाळेचा गणवेश. लहान फोटो ताणून मोठे केल्यामुळे डोळ्यांच्या जागी नुसते काळे डाग दिसायचे. ते डाग आमच्याकडे बघत असायचे.

मला त्या माणसांची भीती वाटायचीच, पण त्याहून जास्त वाटायची ती "राहत्या घरातून" या शब्दांची. कोणी जत्रेत हरवलं, कोणी गर्दीत चुकलं, असं त्या बाई फारसं सांगतच नसत. बहुतेक सगळे राहत्या घरातूनच गेलेले. आणि राहतं घर तर आम्हांलाही होतं. मी रोज शाळेतून येताना चाळीच्या तोंडाशी आले की पाय उचलायची आणि आमच्या दाराबाहेर आईच्या चपला दिसेपर्यंत श्वास सोडायची नाही. चपला नसल्या तर माझ्या कानात तो आवाज सुरू व्हायचा. वय पस्तीस. रंग गोरा. अंगावर हिरवी साडी. मग आई नळावरून कळशी घेऊन यायची आणि मला दारात तशीच उभी बघून विचारायची, काय गं, भूत बघितलंस काय.

आई तो कार्यक्रम का बघते ते मला माहीत होतं. तिचा एक भाऊ, माझा मामा, परळला खोलीवर राहायचा. तोही गिरणीतच. गिरण्या बंद झाल्या, त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी तो पिशवी घेऊन खोलीतून बाहेर पडला. खोलीवरच्या माणसांना वाटलं गावी गेला, गावच्या माणसांना वाटलं मुंबईत आहे. तो दोन्हीकडे नाही हे कळेपर्यंत बरेच दिवस गेले होते. त्याचाही फोटो एकदा टीव्हीवर आला होता, पण तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. आईने तो कोणाच्या तरी दारात उभं राहून पाहिला होता. आता ती मामाचा फोटो परत लागेल म्हणून बसत नव्हती. त्या कार्यक्रमात कधीकधी सापडलेल्या माणसांचेही फोटो असायचे, ज्यांना आपलं नाव सांगता येत नाही किंवा जे आता काहीच सांगू शकत नाहीत अशांचे. ती त्यांच्यासाठी बसायची. प्रत्येक नवा फोटो येताना ती पदराचं टोक तोंडाशी धरायची आणि फोटो गेला की सोडायची. बाबा कधी म्हणायचे, बंद कर, पोरं घाबरतात. ती म्हणायची, पोरांना काय कळतंय त्यातलं.

धाकट्याला सगळं कळत होतं, फक्त त्याच्या परीने. आधी त्याने संडासला एकट्याने जायचं सोडलं. मग तो आईच्या पदराला धरून नळावर जायला लागला, मोरीत आंघोळ करताना दार उघडं ठेवायला लावायला लागला. बातम्यांची वेळ झाली की पुढे होऊन टीव्हीची दोन्ही लाकडी दारं सरकवून बंद करायचा आणि त्यांना पाठ लावून बसायचा. आई त्याला उचलून बाजूला ठेवायची.

मग तो एक नवीनच गोष्ट करायला लागला. सकाळी कपडे घालून झाले की माझ्याजवळ येऊन विचारायचा, "ताई, आज मी काय घातलंय?" मी सांगायची, निळी चड्डी, पिवळा बुशशर्ट. तो ते दोन-तीनदा पुटपुटायचा आणि मग ओट्यावर उभा राहून, दोन्ही हात सरळ ठेवून, त्या बाईंच्याच चालीत म्हणायचा. वय सहा. रंग सावळा. वरचा एक दात पडलेला. उजव्या गुडघ्यावर भाजल्याचा पांढरा डाग. अंगात पिवळा बुशशर्ट. मराठी बोलतो.

चाळीला भारी गंमत वाटायची. कामावर जाणारे लोक थांबून म्हणायचे, ए, म्हणून दाखव रे. कोणी त्याला गोळी द्यायचं. एकदा आमच्याकडे पाहुणे आले तेव्हा बाबांनीही त्याला म्हणायला लावलं आणि सगळे पोट धरून हसले. मी त्याच्या मागे उभी होते. तो म्हणत असताना त्याची बोटं शर्टाचं टोक पिळत होती, इतकी की एक बटण तुटून खाली पडलं. तो गंमत करत नव्हता. आपण गेलो तर घरच्यांना अडचण नको म्हणून तो रोजची तयारी करत होता. मला हे तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं.

मे महिन्यात त्याच्या शाळेचं ठरलं. शाळेने जन्माचा दाखला आणि पासपोर्ट साईजचे फोटो मागितले. त्याचा एकटा असा फोटो कधी काढलेलाच नव्हता. बारशाच्या वेळचा एक होता, त्यात तो म्हणजे नुसतं टोपडं होतं. म्हणून आई दुपारी आम्हां दोघांना घेऊन मरोळ नाक्यावरच्या स्टुडिओत गेली. त्याला तिने एवढंच सांगितलं की शाळेचं काम आहे. त्याने पांढरा शर्ट आणि खाकी चड्डी घातली होती आणि आईने केसांना तेल लावून भांग पाडला होता.

स्टुडिओ म्हणजे पुढे एक गाळा आणि मागे पडदा लावलेली अंधारी खोली. आधी कोणाचं तरी काम चालू होतं म्हणून आम्ही बाकावर बसलो. भिंतीवर काच लावलेली एक मोठी चौकट होती आणि तिच्यात पासपोर्ट फोटो ओळीने चिकटवलेले. बायका, पुरुष, मुलं. सगळे सरळ बसलेले, सगळे समोर बघणारे. धाकटा उठून त्या काचेजवळ गेला आणि खालच्या ओळीपासून एकेक फोटो बघत वरपर्यंत गेला. मग माझ्याकडे आला आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याने विचारलं, "ही सगळी कधी गेली?"

मला अर्थ लागला नाही. मी म्हटलं, कुठे गेली? तेवढ्यात फोटोवाल्याने आत बोलावलं.

आत एक उंच स्टूल होतं. फोटोवाल्याने त्याला उचलून स्टुलावर बसवलं, हनुवटी धरून चेहरा वर केला, शर्टाची कॉलर सारखी केली आणि हसायचं नाही, हलायचं नाही असं सांगितलं. माणूस चांगला होता, गमतीने बोलत होता. मग त्याने दोन्ही बाजूंचे मोठे दिवे लावले. त्या उजेडात माझा भाऊ मला एकदम वेगळाच दिसला. पांढराफटक, केस चापून बसवलेले, डोळ्यांच्या जागी सावल्या. तो चेहरा मी टीव्हीत पाहिल्यासारखा वाटला. मी आईचा हात धरायला वळले. तेवढ्यात स्टूल पडल्याचा आवाज झाला. तो पडद्याखालून बाहेर गेला होता.

आम्ही धावत बाहेर आलो तोवर तो गाळ्यात नव्हता आणि पायरीवरही नव्हता. नाक्यावर दुपारची रहदारी होती. रिक्षा, ट्रक, कारखान्यांतून सुटलेली पहिली पाळी, थांब्यावर उभी असलेली बस. आईने मला सांगितलं, इथून हलू नकोस, आणि ती एका बाजूला पळाली. तिने त्याला मारलेल्या हाका मला बराच वेळ ऐकू येत होत्या, मग ऐकू येईनाशा झाल्या.

मी तिथे उभी राहिले. माणसं माझ्या अंगावरून जात होती. प्रत्येक पांढऱ्या शर्टाकडे माझी मान वळत होती आणि प्रत्येक वेळी तो दुसराच कोणीतरी निघत होता. मला रडू येत नव्हतं. आता आईही परत आली नाही तर काय, हा एकच विचार डोक्यात होता, आणि तो आला की मी स्टुडिओच्या लोखंडी दाराला आणखी घट्ट धरायची. आई आली तेव्हा तिच्या पायात चपला नव्हत्या. एका पायाचं बोट फुटून रक्त येत होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "खंय गेलो गो तो?" भीती वाटली की आईची मराठी जायची आणि मालवणी यायची.

फोटोवाल्याने गाळा बंद केला आणि सायकल घेऊन तो एका रस्त्याने शोधायला गेला. चाळीत निरोप पोचला तशा आमच्या चाळीतल्या मावशी आल्या. त्या मूळ साताऱ्याकडच्या, महापालिकेच्या दवाखान्यात नर्स. आईची आणि त्यांची घट्ट मैत्री होती. मावशींनी आईला रस्त्यावरच बसवून तिच्या बोटाला रुमाल बांधला, चाळीतल्या माणसांना चारही दिशांना पाठवलं, एकाला बाबांच्या कारखान्यात धाडलं आणि आम्हां दोघींना घेऊन पोलीस चौकीवर आल्या.

चौकीत टेबलामागे एक वयस्कर हवालदार बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिलंच विचारलं, फोटो आणलाय का. मावशींनी सांगितलं, फोटो काढायलाच नेलं होतं, तिथूनच तो गेला. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, एखादा तरी घरात असेल तो पाठवून द्या, सकाळपर्यंत नाही सापडला तर वर पाठवावा लागेल, टीव्हीवर देता येईल.

आई उभी राहिली. "माझ्या झिलाक त्या टीव्हीर घालू नकात," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, हळूच, हात जोडून. हवालदारांना वाटलं तिला समजलं नाही, म्हणून त्यांनी परत समजावलं की बाई, हे तुमच्याच भल्याचं आहे. ती परत तेच म्हणाली, पोराला टीव्हीवर नको.

मग त्यांनी वर्णन विचारलं. उंची, खूण, अंगात काय होतं. ज्याला तिने दोन तासांपूर्वी स्वतःच्या हाताने कपडे घातले होते त्याच्या अंगात काय होतं ते तिला आठवेना. ती माझ्याकडे बघायला लागली. मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, सांग पोरी, तुला येतंय.

मी सांगायला लागले. वय सहा. रंग सावळा. वरचा एक दात पडलेला. उजव्या गुडघ्यावर भाजल्याचा पांढरा डाग. अंगात पांढरा शर्ट, खाकी चड्डी. मराठी बोलतो. मला ते साध्या बोलण्यात सांगायचं होतं, पण त्याची ती रोजची चाल माझ्या तोंडात बसली होती आणि मी थांबवू शकत नव्हते. माझ्याच तोंडून त्या बाई बोलत होत्या. शेवटी "अद्याप परत आलेला नाही" येतं ते मला माहीत होतं आणि मी ते ओठ दाबून आत धरलं. हवालदार लिहीत होते, त्यांना काही वेगळं वाटलं नाही. आईने मात्र दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

संध्याकाळ झाली. आम्हांला घरी पाठवलं होतं आणि बाबा चौकीवरच थांबले होते. आमच्या खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोणीतरी दिवा लावला, कोणीतरी चहा केला, तो तसाच निवला. आमचा टीव्ही बंद होता, लाकडी दारं ओढून घेतलेली. आई त्या दारांकडे बघत होती. मरोळपलीकडे आरे कॉलनीच्या जंगलाच्या बाजूला अंधार लवकर पडतो आणि तिकडे बिबट्या फिरतो हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी ते बोललं नाही. बायका बोलत होत्या ते असं की पोर जाऊन जाऊन जाणार कुठे.

आणि मग भिंतीपलीकडून तो आवाज आला. पलीकडच्या खोलीत कोणी टीव्ही लावून ठेवला होता आणि वेळ झाली होती. रंग गव्हाळ, बांधा मजबूत. खोलीतल्या एकीने कपाळाला हात लावला. मी आईच्या मांडीत डोकं घातलं. तिचं पोट श्वासाने जोरात वरखाली होत होतं. तो आवाज पुढे जात होता, एक माणूस संपला, दुसरा सुरू झाला, आणि प्रत्येक वेळी "वय" म्हणून तो आवाज थोडा थांबायचा. त्या थांबण्यात मला वाटायचं, आता सहा म्हणणार. मावशी उठून पलीकडे गेल्या. टीव्ही बंद झाला.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. बाहेर गलका झाला, कोणी तरी "आले, आले" म्हणालं, आणि बाबा दारात उभे राहिले. धाकटा त्यांच्या खांद्यावर झोपला होता. त्याच्या अंगाला धुराचा आणि म्हशींच्या गोठ्याचा वास येत होता. आईने त्याला घेतलं, त्याचा उजवा गुडघा चाचपून पाहिला आणि मग ती रडली. बाबांनी त्याला मारायचं ठरवलं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं, पण तो त्यांना बघून इतका घट्ट बिलगला की त्यांचा हात उठला नाही.

तो आरे कॉलनीत गेला होता. स्टुडिओतून सुटून तो सरळ थांब्यावरच्या बसमध्ये चढला होता, एका बाईंच्या पदराचं टोक धरून. कंडक्टरला वाटलं त्यांचा मुलगा आणि त्या बाईंना वाटलं मागच्या कोणाचा तरी. तबेल्यांच्या थांब्यावर तो त्यांच्यामागून उतरला आणि झाडीतल्या पायवाटेने चालत एका आदिवासी पाड्यावर पोचला. तिथल्या एका बाईंनी त्याला ओट्यावर बसलेला पाहिलं, पाणी दिलं, भात आणि सुकट खायला दिली. नाव विचारलं तर तो बोलेना. गाव विचारलं तर तोंड फिरवी. अंधार पडायला लागल्यावर त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने त्याला तिथल्या चौकीवर नेलं. तोवर आमच्या चौकीने दिलेलं वर्णन तिकडे पोचलं होतं, आणि गुडघ्यावरचा डाग जुळला.

दुसऱ्या दिवशी आई-बाबा नारळ आणि साडी घेऊन त्या बाईंना भेटायला गेले तेव्हा आम्हां दोघांनाही घेऊन गेले. आई त्यांच्या पाया पडायला वाकली तर त्या मागे सरकल्या. त्या सांगत होत्या की पोर काही केल्या बोललं नाही, फक्त आल्या आल्या एकदा विचारलं, तुमच्याकडे टीव्ही आहे का. नाही म्हटल्यावर मुकाट्याने जेवलं आणि झोपलं.

आईने धाकट्याला तिथेच समोर बसवलं आणि विचारलं, तू इथे का आलास. त्याने आधी मान खाली घातली. मग वर झोपडीच्या छपराकडे बोट दाखवलं. थंडीत चाळीची सहल आरेला आली होती, तेव्हा त्याने पाहून ठेवलं होतं की इथे एकाही घरावर काठी नाही. काठी नाही म्हणजे इथून कोणी टीव्हीत जाणार नाही. आणि नाव सांगितलं की ते टीव्हीतल्या त्या बाईंना कळतं, त्या वाचून दाखवतात, म्हणून नाव सांगायचं नाही. आणि फोटो काढायचा नाही, कारण ज्यांचे फोटो काढतात तीच माणसं हरवतात.

आई त्याला समजावू लागली. ती म्हणाली, "अरे, फोटो आधी काढलेला असतो. माणूस मग हरवतं."

"तेच तर," तो म्हणाला.

आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाबांकडे पाहिलं. बाबा छपराकडे बघत होते. मला त्याचं म्हणणं पूर्ण पटलं होतं. मामाचाही फोटो होताच.

शाळेने फोटोशिवाय त्याला बसू दिलं, नंतर आणा म्हणाले. पावसाळा संपल्यावर बाबांच्या कारखान्यातले एकजण कॅमेरा घेऊन घरी आले आणि त्याला आईच्या मांडीवर बसवून, मी आणि बाबा दोन बाजूंना असा फोटो काढला. त्यातला त्याचा चेहरा कापून शाळेत दिला. फोटो काढताना त्याने डोळे मिटले होते, म्हणून परत एक काढावा लागला. आपण सगळे एकत्रच फोटोत आहोत म्हणजे हरवलो तर सगळे एकत्रच हरवू, एवढं त्याला चाललं. दिवाळीपर्यंत तो संडासला एकटा जायला लागला. पुढच्या वर्षी त्याला क्रिकेटचं वेड लागलं आणि त्याने टीव्हीची दारं काढून बॅट बनवता येईल का विचारलं. ओट्यावर उभं राहून वर्णन म्हणणं त्या दिवसापासून थांबलं ते थांबलंच. चाळीतही परत कोणी त्याला म्हण म्हटलं नाही.

आमच्या घरात तो कार्यक्रम परत लागला नाही. बातम्यांच्या आधी बाबा उठून टीव्ही बंद करायचे, आणि आईने त्याला कधी हरकत घेतली नाही. पण त्या संध्याकाळी ती हात पुसून मावशींकडे जायची. मावशींनी मधल्या काळात टीव्ही घेतला होता. जाताना आई सांगायची, मावशींकडे जरा बसून येते. दोघी दार लोटून घ्यायच्या आणि आवाज बारीक ठेवायच्या, आमच्याकडे ऐकू येऊ नये म्हणून.

मामा कधी सापडला नाही. आई काही वर्षं जात राहिली.

ती गेली की धाकटा अभ्यासाला बसायचा, बाबा पेपर वाचायचे. मी ओट्यावर येऊन बसायची. मावशींचं दार आमच्यापासून तीन खोल्या पलीकडे होतं आणि बाहेर दोघींच्या चपला शेजारी शेजारी काढलेल्या दिसायच्या. मी त्या चपलांवरून नजर काढायची नाही. कोणी मैत्रीण खेळायला बोलवायला आली तर मी म्हणायची, आत्ता नाही. मग दार उघडायचं. आई बाहेर यायची, चपला पायात सरकवायची आणि नेहमीच्याच चालीने आमच्याकडे यायला लागायची. कोणता फोटो लागला, कोणता नाही, याबद्दल ती अवाक्षर काढायची नाही. माझ्याजवळून आत जाताना म्हणायची, चल, पानं घे.